बारा हजारांचा सरंजाम आणि दमणचा रस्ता

गुरुवार, 31 जुलै : दिंडोरी ते सिल्वासा

माझ्याकडं चालू असलेल्या दाव्यांपैकी निम्मे तरी रस्त्याचे आहेत. मागच्या गटात जायला पुढच्याच्या बांधावरून वाट असते. आजोबांच्या काळात कुणी अडवत नाही, नातवांचं पटत नाही, आणि एके दिवशी वाटेवर बोरीच्या काट्या येऊन पडतात. मग मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. स्थळपाहणी, पंचनामा, तारखा. दिंडोरी तालुक्यात वकिली करायची तर हे चुकत नाही.

असाच एक दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालला होता. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत. वादमिळकत दादरा आणि नगर हवेली, आणि मागणी एकच : दमणहून आमच्या गावांकडं जायची वाट मोकळी करून द्या. कॉलेजात हा खटला एका ओळीत उरकला होता. यंदा मे महिन्यात सुट्टीत तो मुळातून वाचायला घेतला आणि काकांना सांगत बसले. काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. इनाम, वतन, फेरफार यांत त्यांची हयात गेली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मिळकत पाहिलीस का?"

नव्हती पाहिली. म्हणून ही स्थळपाहणी.

सकाळी सातला निघालो. सावळ घाटात पुढचं दिसेना इतकं धुकं. पेठच्या पुढं भाताची लावणी उरकत आलेली, डोक्यावर इरलं घेतलेल्या बाया चिखलात वाकलेल्या. पेठला चहा, मग कपराडा, नाना पोंढा. महाराष्ट्र कुठं संपला हे कळलं ते दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली म्हणून. नाना पोंढ्याहून डावीकडं वळलो, आणि थोड्या वेळानं गुजरात संपून केंद्रशासित प्रदेश लागला तो मात्र पाटीवाचूनही कळला : एका ओळीत सात बार.

काकांना या भागाबद्दल एक गोष्ट मी वाटेत सांगून ठेवली होती. दमणगंगा आमच्याच तालुक्यातून निघते, आंबेगावजवळून, आणि दमणला समुद्राला मिळते. काका म्हणाले, "मग पाण्याला परवाना लागत नव्हता म्हणायचा."

लॉजवर आमची खोली दुसऱ्यालाच देऊन टाकलेली होती. अर्धा तास वाद घातल्यावर मागच्या बाजूची, ओल आलेली एक मिळाली. काका व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. मी भिंतीकडं पाहत निकालाची प्रत पुन्हा चाळली.

शुक्रवार, 1 ऑगस्ट : दादरा

आधी चतुःसीमा सांगते, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही. पश्चिमेला समुद्रकाठी दमण, 1559 पासून पोर्तुगीजांचं. दमणच्या पूर्वेला भारताची पट्टी, तिच्यात वापी. तिच्यापुढं दादरा : तीन गावं, बस्स. मग पुन्हा भारताची चिंचोळी पट्टी. आणि तिच्यापलीकडं नगर हवेली. दोन्ही मिळून 72 गावं, 491 चौरस किलोमीटर, आणि कुठंही समुद्र नाही. म्हणजे दमणच्या गव्हर्नरला आपल्याच सिल्वासाला जायचं तर दोनदा शेजाऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवावा लागे. 1954 साली ही सगळी मधली जमीन मुंबई राज्यात होती. गुजरात अजून व्हायचा होता.

आम्ही सिल्वासाहून दादऱ्याकडं निघालो आणि नेमकं मधल्या पट्टीतच पंक्चर झालं. पाऊस रिपरिपत होता. पंक्चरवाला उत्तर प्रदेशातला, सामान हवेलीतून आणतो, राहतो वापीला, दुकान या पट्टीत. "हे गाव कशात येतं?" काकांनी विचारलं. "साहेब, बिजली गुजरात की है," तो म्हणाला, आणि पान्याला जोर लावू लागला.

त्या अर्ध्या तासात, टपरीच्या पत्र्याखाली उभं राहून, मी काकांना दाव्याचं पहिलं प्रकरण सांगितलं. कारण ते पुण्यात सुरू होतं.

1772 च्या सुमारास मराठ्यांच्या आरमारानं पोर्तुगीजांचं सांताना नावाचं जहाज धरलं. नुकसानभरपाईची बोलणी रेंगाळली. पुढं इंग्रजांशी युद्ध जुंपलं, सवाई माधवराव पाळण्यातले पेशवे, कारभार नाना फडणविसांच्या हाती, आणि पोर्तुगीज निदान शत्रूच्या गोटात जाऊ नयेत एवढी गरज पुण्याला होतीच. 17 डिसेंबर 1779 ला मैत्रीचा तह झाला. त्याच्या सतराव्या कलमात, वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना लावून द्यायची ठरली. प्रत्यक्ष गावं हाती पडली ती सनदा निघाल्यावर, 1783 आणि 1785 मध्ये.

"लावून दिली म्हणजे कशी? इनाम की सरंजाम?" काकांनी लगेच धरलं.

हाच प्रश्न हेगला पडला होता. पोर्तुगालचं म्हणणं, गावं आम्हाला मालकीनं, सार्वभौम हक्कानं दिली. भारताचं म्हणणं, नुसता वसूल दिला. जगभरातून आलेले पंधरा न्यायाधीश तहाचे निरनिराळे पाठ आणि पेशव्यांच्या सनदा समोर ठेवून बसले. त्यांनी पाहिलं काय, तर मराठ्यांनी जिथं खरोखर मुलूख तोडून दिला, त्या दुसऱ्या तहांत शब्द कोणते वापरलेत. तिथं कायमच्या, निरंतर राज्याची भाषा स्पष्ट आहे. इथं ती नाही. इथं आहे जहागीर, सरंजाम, सालिना बारा हजारांचा. आणि असं दान हिंदुस्थानात सर्रास होतं, ते मुलूख तोडून देणं मानल्याचा एकही दाखला कुणी पुढं आणला नाही, असं न्यायालयानं लिहून ठेवलं. बंडाळी मोडायचा अधिकार दिला होता म्हणून मालकी झाली, हा पोर्तुगालचा मुद्दाही त्यांना पटला नाही.

काका खूश झाले. "मी तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो. सरंजाम म्हणजे वसूल खायचा, जमीन नाही खायची. धन्याच्या मनात आलं की काढून घेईल." मग थांबून म्हणाले, "आणि सरंजाम तर मुंबई सरकारनं 1952 लाच खालसा केले की. हा एक तेवढा राहून गेला होता वाटतं."

खालसा झाला तोही दोनच वर्षांनी. पण तहसीलदाराच्या हुकमानं नव्हे.

दादरा आज वापी आणि सिल्वासाच्या मधलं एक कारखान्यांचं गाव आहे. कंटेनर, गोदामं, चाळी, वणगंगेची बाग. 1954 च्या जुलैत इथं एक पोलीस ठाणं आणि मूठभर शिपाई होते. 21 जुलैच्या रात्री फ्रान्सिस मास्कारेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या टोळीनं ते घेतलं. ठाण्याचा फौजदार अनिसेतु रुझारियु शरण आला नाही, मारला गेला. त्याचं नाव मला इथं कुठं दिसलं नाही. पोर्तुगालात तो वीर ठरला. आपल्या बाजूच्या वर्णनांत तो फार तर अर्ध्या वाक्यात येतो, आणि हे मला जरा खटकतं. नोकरीवरच्या माणसानं ठाणं सोडलं नाही, एवढं तरी त्याच्या खात्यावर मांडायला हवं.

दादऱ्यात जुनं ठाणं नेमकं कुठं होतं हे चार जणांना विचारलं, चार दिशा मिळाल्या. पाचव्याला विचारलं नाही.

संध्याकाळी सिल्वासात परत. बाजाराच्या कडेला एक म्हातारी रानभाज्या घेऊन बसली होती. काका तिच्याशी दिंडोरीकडच्या कोकणी आदिवासींच्या बोलीत बोलायला लागले आणि ती उजळलीच. तिचं माहेर पेठ तालुक्यातलं निघालं. आईच्या, आजीच्या सोयरिकी अशाच अलीकडून पलीकडं. "फिरंग्याचं राज होतं तव्हा येता-जाता कागद लागं का?" काकांनी विचारलं. तिनं आजीकडून असं काही ऐकलं नव्हतं. कोवळ्या बांबूच्या कोंबांची जुडी तिनं पैसे न घेता दिली, काकांनी जबरदस्तीनं वीस रुपये ठेवले. रात्री एका खानावळीत नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी मिळाली. कोंब मात्र तिथं कुणी शिजवून देईना.

खोलीवर आल्यावर काकांनी विचारलं, "मालकी नव्हती म्हणतेस, मग यांच्या दाव्यात राहिलं काय?"

इथं माझ्या अशिलांनाही नेहमी वाटतं तसंच आहे : मूळ कागद बाद झाला की खेळ संपला. तसं नसतं. 1818 ला पेशवाई गेली, चहूबाजूचा मुलूख इंग्रजांकडं आला. त्यांनी पाहिलं की या गावांत पोर्तुगीज ठाण मांडून आहेत, दुसऱ्या कुणाचं काही चालत नाही. इंग्रजांनी कधी हरकत घेतली नाही, स्वतः हक्क सांगितला नाही. पुढं स्वतंत्र भारतानंही सुरुवातीला घेतली नाही. एवढ्यावर न्यायालयानं मानलं की मधल्या काळात पोर्तुगालची सत्ता शेजाऱ्यानं गप्प राहून मान्य केली होती. 1779 च्या कागदावर जे मिळालं नव्हतं ते शंभर-सव्वाशे वर्षांच्या कब्जानं आणि शेजाऱ्याच्या मौनानं मिळालं. हेगला हरकत घ्यायची वेळ आली तेव्हा फार उशीर झाला होता. बांध कोरणाऱ्याला पहिल्या वर्षीच हटकावं, हे मी पुन्हा पुन्हा सांगते ते याचसाठी.

काका झोपेपर्यंत नाना फडणविसांनी सनदेत कुठले शब्द घालायला हवे होते याचा मसुदा तोंडी करत होते.

शनिवार, 2 ऑगस्ट : सिल्वासा, मग दमण

आज मुक्तिदिन. सिल्वासात झेंडावंदन, शाळेची मुलं भिजलेल्या गणवेशात, भाषणं हिंदीत आणि गुजरातीत. आम्ही कडेला छत्री धरून उभे.

दादऱ्यानंतरचा आठवडा मराठी माणसांचा होता. आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक 28 जुलैला नरोलीत शिरले, मग पिपरिया, आणि 2 ऑगस्टला सिल्वासा पडलं. राजा वाकणकर, नाना काजरेकर, विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी. आणि सुधीर फडके! गाणाऱ्या माणसानं इथं चिखल तुडवला. हत्यारांच्या पैशासाठी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम ठेवला होता असं सांगतात. या सगळ्याला कम्युनिस्टांचीही एक बाजू होती. शेजारच्या तलासरी-उंबरगावात 1945 पासून वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता, आणि त्यातली माणसं हवेलीतही होती. कुणी किती केलं यावर नंतर बरीच भांडणं झाली. मला त्यात पडायचं नाही. वकील म्हणून मला रस आहे तो रस्त्याचं काय झालं यात.

तर जुलैत गडबड सुरू होताच भारतानं वाट बंद केली. दमणच्या गव्हर्नरला जाऊ दिलं नाही, कुमक जाऊ दिली नाही. सीमेवर मुंबई राज्याचे राखीव पोलीस उभे होते. आत काय चाललंय त्याच्याशी आमचा संबंध नाही, ही दिल्लीची अधिकृत भूमिका. मात्र बाहेरून आत जायलाही कुणाला सोडणार नाही. माझ्या तालुक्यात याला म्हणतात, भांडणात पडायचं नाही पण काठी अडवून धरायची.

पोर्तुगालनं काय करावं? इथं गावचा दावा आणि देशाचा दावा यांत मोठा फरक पडतो. माझा अशील शेजाऱ्याला समन्स काढू शकतो, शेजाऱ्याची मर्जी असो वा नसो. सार्वभौम देशाला असं समन्स बजावता येत नाही. त्यानं आधी कबूल केलेलं असेल तरच न्यायालयाचं चालतं. (आपला बेळगावचा सीमाप्रश्न हा एका देशातल्या दोन राज्यांचा, म्हणून 2004 साली महाराष्ट्र थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकला. हेगला तो मार्ग नाही.) भारताची कबुली 1940 पासून तिथं पडून होती. पोर्तुगाल 14 डिसेंबर 1955 ला संयुक्त राष्ट्रांत आला, 19 डिसेंबरला त्यानं आपली कबुली दाखल केली, आणि 22 डिसेंबरला दावा ठोकला. आठ दिवसांत सगळं. भारतानं तक्रार केली की कबुलीची नोटीस आम्हाला लागायच्या आतच दावा कसा? अशा सहा हरकती होत्या. चार 1957 मध्ये फेटाळल्या, उरलेल्या दोन मूळ सुनावणीत. मला मात्र आणखी एक हरकत सुचत होती : अडथळा जुलै 54 चा, दावा डिसेंबर 55 चा. मामलेदार न्यायालयात सहा महिन्यांची मुदत असते. पोर्तुगाल दिंडोरीत आला असता तर पहिल्याच तारखेला बाहेर गेला असता.

झेंडावंदनानंतर आदिवासी संग्रहालय पाहिलं. तारपे, मुखवटे, शिकारीची हत्यारं. वीज गेली होती, रखवालदारानं मोबाइलच्या उजेडात दाखवलं.

मग निघालो वाद-रस्त्यावर. सिल्वासा, मधली पट्टी, दादरा, पुन्हा गुजरात, वापी, दमण. गाडीचा काटा मी शून्यावर आणला होता. दमणच्या किल्ल्याशी पोचेपर्यंत तीसच्या आसपास किलोमीटर भरले. एवढ्यासाठी चार वर्षांहून जास्त खटला! वापीच्या पुलाखाली पाणी साचलेलं, रासायनिक कारखान्यांचा तो आंबूस वास, ट्रकांची रांग. तीस किलोमीटरला दोन तास गेले. काका म्हणाले, "रस्ता दिलेला आहे पण जाता येत नाही, अशी स्थिती आहे."

या तुंबलेल्या गर्दीतच त्यांना निकाल सांगितला. 12 एप्रिल 1960. महाराष्ट्र आणि गुजरात व्हायला 19 दिवस बाकी होते. भारताकडून ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे होते, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक पक्षाला आपला एक न्यायाधीश बसवता येतो म्हणून भारताकडून मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती छागला होते.

पहिला मुद्दा. दमणहून गावांकडं साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा सव्वाशे वर्षं अखंड चालली. राजकारण बदललं, दुष्काळ-युद्धं झाली, वाट चालू राहिली. तेव्हा ही वहिवाट झाली, हक्क झाला. 11 विरुद्ध 4. भारताचा युक्तिवाद होता की दोनच देशांत रूढी कशी होईल, रूढीला पुष्कळ देश लागतात. न्यायालय म्हणालं, का? दोघांतही होऊ शकते. जगातल्या कायद्याच्या पुस्तकांत हा खटला टिकून आहे तो या एका वाक्यासाठी. आमच्याकडं दोन शेतकऱ्यांत वहिवाट होतेच की. हेगला ते 1960 मध्ये उमगलं.

दुसरा मुद्दा. सैन्य, हत्यारबंद पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा. इथंही ये-जा होती, भरपूर होती. पण कशी? 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात लिहिलं होतं की एकाच्या सशस्त्र माणसांनी दुसऱ्याच्या हद्दीत रीतसर विनंतीवाचून यायचं नाही. नंतर 1913, 1920, 1940 अशी हत्यारबंद पोलिसांबाबत पत्रापत्री झाली, थोडी सैल होत गेली. दहापर्यंत माणसं असली तर गेल्यावर चोवीस तासांत कळवलं तरी चालेल, इथपर्यंत. पण मूळ गोष्ट राहिली : विचारून जायचं. आणि जो विचारून जातो त्याला हक्क नसतो, परवानगी असते. 8 विरुद्ध 7. एका मतानं.

"एका मतानं?" काकांनी मान वळवली. "म्हणजे एखादा न्यायाधीश त्या दिवशी आजारी पडला असता तर?"

तर सम झालं असतं, आणि सम झालं की अध्यक्षाचं मत निर्णायक. पुढचं मी सांगितलं नाही, कारण ट्रक हलला.

तिसरा मुद्दा, 1954 च्या जुलैत भारतानं साधी माणसंही अडवली, तो हक्कभंग नव्हता का? न्यायालय म्हणालं, वाटेचा हक्क असला तरी तिचं नियमन करायचा अधिकार जमीनमालकाकडं असतो, आणि दादऱ्यात ते सगळं घडल्यावर सीमेवर तणाव होता. तेव्हा नाही. 9 विरुद्ध 6. थोडक्यात पोर्तुगालला हक्क होता, आणि तो डावलला गेला नाही. असा निकाल हातात घेऊन अशिलासमोर जायची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे. दोन्ही पक्ष पेढे वाटतात आणि वाट बंदच राहते.

गंमत अशी की गावं कुणाची, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पोर्तुगालनं रस्ता मागितला, ताबा मागितला नाही. आणि निकाल लागला तेव्हा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोर्तुगीज उरलेच नव्हते. तिथं वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. सात वर्षं दादरा आणि नगर हवेली ना पोर्तुगालची, ना कायद्यानं भारताची. जुन्या पोर्तुगीज तिकिटांवर 'मुक्त प्रदेश' असा इंग्रजी छाप मारून टपाल चाले. शेवटी 1961 च्या ऑगस्टमध्ये विलीनीकरण करायचं तर करारावर सही कोण करणार? सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसासाठी तिथला पंतप्रधान केलं, त्यांनी नेहरूंच्या बरोबरीनं सही केली. घटनेची दहावी दुरुस्ती, 11 ऑगस्ट 1961 पासून लागू. काकांना हा सगळ्यात आवडलेला भाग. एकदा तलाठी रजेवर असताना त्यांनी स्वतःच अर्ज करून स्वतःच पोच दिली होती, ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली.

दमणला पोचलो तेव्हा चार वाजले होते. मोटी दमणचा किल्ला पावसानं काळाभोर, तटावर शेवाळ, आत सरकारी कचेऱ्या आणि मोठी झाडं. बॉम जेझू चर्चच्या दगडी दारावरची नक्षी पाहत काका बराच वेळ उभे राहिले. पलीकडच्या तीरावर नानी दमणचा छोटा किल्ला. मधून दमणगंगा, गढूळ, फुगलेली, लाकडाचे ओंडके वाहून आणणारी. ओंडके कुठले असतील यावर आम्ही अंदाज केले. 1961 च्या डिसेंबरात हे दमण घ्यायला आलेली पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली होती, हुकूम लेफ्टनंट कर्नल भोसल्यांचा. त्या वेळी वाटेसाठी कुणी हेगला गेलं नाही. पोर्तुगालनं भारताचं स्वामित्व मान्य केलं ते लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर, 31 डिसेंबर 1974 च्या करारानं.

रात्री वापीजवळ मुक्काम ठरला होता. दमणच्या हद्दीवर गुजरात पोलिसांनी गाडी बाजूला घेतली. डिक्की, पिशव्या, काकांची औषधांची पेटी. एक कफ सिरपची बाटली उलटसुलट पाहिली, वास घेतला, परत दिली. माणसं जाऊ द्या, सामान जाऊ द्या, बाटली नाही. "8 विरुद्ध 7," काका पुटपुटले. शिपायाला वाटलं ते गाडीचा नंबर सांगतायत.

रविवार, 3 ऑगस्ट : परत

परतीचा रस्ता वेगळा घेतला. पुन्हा हवेलीतून, खानवेलवरून उधव्याला. सिल्वासा पडल्यावर पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो दीडशेच्या आसपास माणसं घेऊन याच बाजूला जंगलात सरकला होता, आणि 11 ऑगस्टला उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. उधवा आता पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यात. साग, भात, उतारावर घरं, आणि एस.टी. ची वाट पाहणारी माणसं. काही पाहण्यासारखं नाही. म्हणजे सगळंच पाहण्यासारखं, पण 1954 चं काही नाही.

वाटेत हवेलीच्या पोटात गुजरातचं मघवाळ नावाचं गाव आहे, चहूबाजूंनी केंद्रशासित प्रदेशानं वेढलेलं. पोर्तुगालच्या काळात भारताच्या पोटात पोर्तुगाल आणि त्याच्या पोटात पुन्हा भारत, असा तो तुकडा. काकांनी नकाशावर तो दोनदा बोटानं फिरवून पाहिला. "याला रस्ता कोण देत होतं मग?" मला माहीत नव्हतं. निकालात या गावाचं नाव मला आढळलं नाही.

जव्हारच्या पुढं रेंज आली आणि फोन वाजला. उद्याच्या तारखेचा अशील. समोरच्यानं रात्रीतून पुन्हा काट्या टाकल्या, वर मुरमाचा ढीग ओतला, ट्रॅक्टर जात नाही, सोयाबीनची फवारणी राहिली. मी म्हटलं, फोटो काढून ठेवा, हात लावू नका.

"मॅडम, आजोबांच्या काळापासून वाट आहे आमची. सगळं गाव सांगेल."

"पायवाट की गाडीवाट?"

"पायी तर रोजचंच. बैलगाडी पण जायची."

"आणि ट्रॅक्टर?"

"तो वडिलांनी घेतला तव्हापासून. पंधरा-वीस वर्षं झाली."

मी पुढचा प्रश्न विचारायच्या आधी क्षणभर थांबले. काका माझ्याकडं पाहत होते.

"ट्रॅक्टर न्यायच्या वेळी समोरच्याला विचारत होतात का?"

"विचारायचो ना मॅडम," तो अभिमानानं म्हणाला. "दरवर्षी. वडील स्वतः जाऊन विचारायचे. न विचारता कधीच नेला नाही आपण."

काकांनी खिडकीची काच वर केली. मी त्याला सकाळी साडेदहाला, सातबारा घेऊन, कोर्टाच्या बाहेरच भेटायला सांगितलं.